जागा तेवढी लिहायची नाही

लायब्ररीत मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो तो भांडायला. पुस्तक मागायला जाण्याइतकी माझी शाळा झालेली नाही. चौथीत होतो तेव्हा बापाने बोटीवर घेतलं, आणि मला ते आवडलं, म्हणून त्याबद्दल कोणी हळहळू नये. पेपर वाचतो, सही करतो, हे लिहितोय तेही माझ्याच हाताने. सून नंतर वाचून बघते. ती म्हणते, बाबा, राग आला की तुमचं अक्षर बिघडतं. मग हे सगळं बिघडलेलंच येणार.

आम्ही उत्तनचे, डोल लावणारे. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं, तोंड रुंद, मागे निमुळतं होत गेलेलं. समुद्राच्या तळात लांब खुंट ठोकायचे, त्यांना डोल बांधायची आणि पाण्याला तिच्यात शिरू द्यायचं. पाण्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. आमचं जाळं माशाच्या मागे धावत नाही, पाणी मासा आणून देतं. म्हणून सगळी अक्कल जागेत आहे. त्या जागेला आम्ही कव म्हणतो. माझी जागा माझ्या बापाची, त्याच्या आधी त्याच्या बापाची. तिला सातबारा नाही, कुंपण नाही. कागदावर ती कुठेच नव्हती, आणि नव्हती तेच बरं, असं आम्ही मानत आलो. परक्याने विचारलं, "नाखवा, डोल कुठे लावता?" तर हात पसरून "तिकडे" म्हणायचं. तिकडे म्हणजे सगळा समुद्र. पोराला जागा दाखवायची ती बोटीत बसवून नेऊन, किनाऱ्यावरून बोट करून नाही. हा आमचा रिवाज. त्यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही, आणि पुढचं वाचून कोणी मला शिकवायला येऊ नये.

काही वर्षांपूर्वी एक पोरगी आली. राहायला भाईंदर पूर्वेला, शिकायला मीरा रोडच्या एका कॉलेजात. पीएचडी करत होती. डोलीत काय येतं, केवढं येतं, कुठल्या महिन्यात येतं, यावर तिचा अभ्यास. तिचे प्रोफेसर एकदा जेटीवर आले, पॅन्ट दुमडून फोटो काढून घेतला आणि गेले. पोरगी मात्र येत राहिली. पहिल्या फेरीला सगळा वेळ कडेला वाकून ओकत होती. मी म्हटलं, "बाय, माशांना खाऊ घालायला आलीस की मोजायला?" तोंड पुसून म्हणाली, "दोन्ही." तेव्हाच ओळखलं, ही टिकणार.

अमावस्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ असते, त्या उधाणाच्या दिवसांत यायची. डोल वर ओढली की त्यातली एक टोपली वेगळी घ्यायची. फळीवर मापाची पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर एकेक मासा आडवा ठेवायची, लांबी लिहायची, वजन लिहायची. खलाशी चेष्टा करायचे, शर्टाचं माप घेतेय म्हणून. एकदा एक ढोमा माझ्यापुढे धरून विचारते, "काका, हा किती महिन्यांचा असेल?" मी म्हटलं, "त्याच्या बाप्तिस्म्याला मला बोलावलं नव्हतं."

ती तीन बोटींवर आळीपाळीने जायची. एक माझी. एक माझ्या चुलतभावाची. तिसरी एका माणसाची, ज्याच्याशी मी बोलत नाही. का बोलत नाही ते आमच्या दोघांचं आहे. पण आमच्या तिघांच्या जागा शेजारी शेजारी, त्याला इलाज नाही.

एके दिवशी तिने पिशवीतून मोबाईलसारखं एक यंत्र काढलं.

"हे काय?"

"जीपीएस, काका. आपण कुठे आहोत ते यात येतं."

"आपण समुद्रात आहोत. बंद कर."

"जागेशिवाय माझा अभ्यास अर्धा राहील, काका. प्रोफेसर नकाशा मागतायत."

"मासा लिही, माप लिही, माझ्या घरी प्यायलेला चहा लिही. जागा तेवढी लिहायची नाही. नाहीतर पुढच्या उधाणापासून जेटीवर बसून मोज."

ती तोंड पाडून बसली.  मग किनारा दिसायला लागल्यावर म्हणाली, जागेच्या नोंदी ती वेगळ्या ठेवेल, पुस्तकात घालणार नाही, बोटींची नावंही घालणार नाही, नुसतं ए, बी, सी म्हणेल. "माझ्याजवळ राहतील. तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला देणार नाही." तसं तिने लिहून आणलं, सही केली, मी केली. तिसऱ्या बोटवाल्यानेही तिला शब्दाला शब्द हीच अट घातली होती, हे मला नंतर कळलं. आम्ही दोघांनी एकमताने केलेली तेवढी एकच गोष्ट असेल.

तिचा अभ्यास संपला. पेढे घेऊन आली, सुनेच्या गळ्यात पडून रडली, गेली. आम्ही विसरलो.

मग गाळाचं आलं. खाडी खोल करायची, निघालेला गाळ बार्जने समुद्रात नेऊन टाकायचा. टाकायची जागा कोणीतरी नकाशावर चौकोन काढून ठरवली. आमच्या तिन्ही जागा त्या चौकोनात. जिथे गाळ पडला तिथे खुंट उभा राहत नाही, आणि बोंबील तिकडे फिरकत नाही. डोलवाल्याला दुसरीकडे जा म्हणता येत नाही, कारण दुसरीकडे दुसऱ्याची डोल आहे. म्हणजे आमची बोट जाळायची, फक्त काडी न लावता.

त्या कामाचा एक अहवाल होता. सुनेने मोबाईलवर उघडला आणि वाचला. "सदर क्षेत्रात मासेमारी आढळून आली नाही."

मी म्हटलं, "परत वाच."

तिने परत वाचलं. तेच होतं.

आढळणार कुठून? त्यांची पाहणीची बोट आली ती भांगाच्या दिवसांत. भांगाला पाण्याला ओढ नसते, डोलीत काही शिरत नाही, म्हणून आम्ही डोली काढून घरी आणतो. जाळी शिवतो, सोयरीकी जुळवतो, झोपतो. खुंट पाण्याखाली, वरून काय दिसणार. रविवारी शाळेत जाऊन बघायचं आणि लिहायचं की या गावात मुलं नाहीत. असले लोक पगार घेतात.

आम्ही ऑफिसात गेलो. साहेब वाईट बोलला नाही, पण त्याने हात झटकले. "नाखवा, जनसुनावणीत तोंडी ओरडून काही होत नाही. तुम्ही त्याच जागी मासे पकडता, याचा तिऱ्हाईताने केलेला लेखी पुरावा आणा." आमच्याकडे बोटीचं लायसन होतं, डिझेलच्या पावत्या होत्या. त्यातून एवढंच कळतं की आम्ही कुठेतरी मासे पकडतो. कुठे, ते कुठल्याच कागदावर नाही. आम्हीच ठेवलं नव्हतं.

चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले. प्रत्येकजण ओरडत होता, मी जास्त. मग चुलतभाऊ म्हणाला, "ती पोरगी. मोजणारी. तिने सगळं लिहिलंय की."

तिचा जुना नंबर लागेना. सुनेने शोधून काढलं की तिचं पुस्तक, ज्याला ते प्रबंध म्हणतात, तिच्या कॉलेजच्या लायब्ररीत आहे. दुसऱ्याच दिवशी मी आणि सून निघालो. उत्तनहून बसने भाईंदर पश्चिमेला, तिथून रिक्षा. सिल्व्हर पार्कला सिग्नलवर अडकलो तेव्हा रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "चाचा, एडमिशन किसका है?"

सून म्हणाली, "इनका."

"अच्छा है," तो म्हणाला, "पढ़ लो चाचा, बच्चे तो पढ़ते नहीं." सून हसली. मला हसायचं नव्हतं.

ग्रंथपाल पन्नाशीचा माणूस होता. मला बघून खुर्चीतून उठला, हे मी लक्षात ठेवलंय. आमचं ऐकून घेतलं आणि जाड काळ्या पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. सगळं इंग्लिश. सुनेने पानं उलटली. बोट ए, बोट बी, बोट सी. या महिन्यात सरासरी इतकं, त्या महिन्यात सरासरी तितकं. नकाशा होता, त्यात आमच्या किनाऱ्यासमोर एक मोठा करडा गोल. एवढ्या गोलात अर्धी वसई बुडाली असती.

"हे नाही," मी म्हटलं. "ती प्रत्येक फेरीला लिहायची. कुठल्या दिवशी, कुठली बोट, कुठली जागा. ते कुठे आहे?"

"तो मूळ डेटा, काका. तो आमच्याकडे येत नाही. लायब्ररीत फक्त बांधलेला प्रबंध जमा होतो. मूळ नोंदी ज्याच्या त्याच्याकडे राहतात."

"म्हणजे रस्सा ठेवलात आणि मासे फेकलेत."

सून कानाशी लागली, "बाबा, हळू. पाटी बघा." भिंतीवर पाटी होती, शांतता राखा.

"ज्याचं काही गेलं नाही त्याने राखावी," मी म्हटलं. दोन-चार पोरं मान वर करून बघायला लागली. बघू देत.

ग्रंथपाल म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." समोरचा असं म्हणाला की माझा राग आणखी वाढतो, कारण त्याला टेकायला भिंत मिळत नाही. तो म्हणाला, कॉलेजला तो कितीदा लिहून देऊन दमला, की प्रबंधाबरोबर मूळ नोंदीही लायब्ररीत ठेवू या, कोणीतरी पुढे विचारायला येईल. दर वेळी उत्तर, बघू. "तुम्ही पहिले आलात विचारायला," तो म्हणाला.

"मी विचारायला नाही आलो, घ्यायला आलोय."

त्याने प्रोफेसरांकडे पाठवलं, वरच्या मजल्यावर. त्यांना मी आठवलो नाही. जेटीचा फोटो त्यांच्या भिंतीवर होता, त्यात त्यांच्यामागे माझी बोट होती. डेटा म्हणाल तर विभागाचा कॉम्प्युटर बदलला, जुना कुठे गेला त्यांना ठाऊक नाही. पोरीकडे असेल. पोरगी आता दक्षिणेत कुठेतरी नोकरीला. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "काका, तुमचा उल्लेख आम्ही आभारात केलाय. बघा, स्थानिक मच्छीमार."

मी म्हटलं, "माझ्या थडग्यावरही तेवढंच लिहाल का, स्थानिक मच्छीमार?"

नाव नको म्हणणारा मीच होतो, ते मला कळतं. पण नाव न लिहिणं वेगळं आणि माणूस विसरणं वेगळं. पोरीने नाव लिहिलं नाही, पण चर्चमध्ये माझ्या नातवाच्या पहिल्या कम्युनियनला ती आली होती. या माणसाने आमच्या बोटीवर पाय न ठेवता आमच्या माशांवर भाषणं दिली असतील, आणि मासे कुठे ठेवले ते त्याला ठाऊक नाही. आमच्याकडे डोल नीट गुंडाळून न ठेवणाऱ्या खलाशाला पुढच्या फेरीला घेत नाहीत.

खाली आलो तोवर ग्रंथपालाने पोरीचा नवा नंबर मिळवला होता. तिथेच व्हिडिओ कॉल लावला. मोबाईलवर तिचं तोंड दिसलं, केस कापलेले. मला बघून "काका" म्हणाली. सुनेने गाळाचं सगळं सांगितलं.

"आहे," पोरगी म्हणाली. "सगळं आहे. एका हार्ड डिस्कवर. आईकडे, भाईंदरला कपाटात."

मी म्हटलं, "आणि जागा?"

"जागाही आहे. वेगळ्या फाइलमध्ये, पासवर्ड घालून. मी सरांनाही दिली नाही काका. तोंडी परीक्षेत त्यावरून मला खूप ऐकून घ्यावं लागलं, नकाशा अर्धवट आहे म्हणून. तुम्हाला शब्द दिला होता."

मी घरून तिच्यासाठीही चार शब्द तयार करून आणले होते, कडक. ते गिळले.

ती म्हणाली, "आता तुम्ही सांगा. देऊ?"

सून माझ्याकडे बघत होती, ग्रंथपाल टेबलाकडे. हो म्हटलं असतं तर माझी जागा गाळातून वाचली असती. पण एका फाइलीत तिघांच्या जागा. आणि एकदा कागदावर आली की जागा आपली राहत नाही. आज ऑफिसात, उद्या ट्रॉलरवाल्याच्या मोबाईलमध्ये. तो माझ्या बापासारखी पाण्याची वाट बघत नाही, तो तळावर नांगर फिरवून जातो. 

तेव्हा ग्रंथपाल सावकाश बोलायला लागला. डेटा ठेवायचा म्हणजे चव्हाट्यावर मांडायचा असं नाही, तो म्हणाला. मासे, मापं, महिने, हे सगळ्यांसाठी उघडं ठेवता येतं. जागेची फाइल लायब्ररीत बंद ठेवायची. आहे एवढं जगाला कळेल, आत काय ते कळणार नाही. ज्याला बघायचं असेल त्याने अर्ज करायचा, आणि ज्यांच्या जागा आहेत त्यांनी हो म्हटलं तरच उघडायची. जगात पुष्कळ लायब्रऱ्या असं करतात.

मी म्हटलं, "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा मला कोणी विचारलं नाही."

"मला कोणी सांगितलं नाही, तुम्हाला कोणी विचारलं नाही. मग ही एवढी मोठी इमारत कशाला बांधलीय?"

"संशोधन सुरू होतं तेव्हा लायब्ररीची आठवण कोणाला नसते, काका. संपल्यावर पुस्तक बांधून आणतात आणि पावती घेऊन जातात. खरं तर पहिल्या दिवशी यायला हवं. काय गोळा करणार, कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार, कोणाला नाही, हे बोटीवर चढायच्या आधी ठरवायचं असतं."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. माझ्या रिवाजाला कुलूप होतं, आणि ते या माणसाच्या टेबलात पडून होतं. ती पोरगी बोटीवर तोंड पाडून बसली होती तेव्हा हा तिच्याच कॉलेजात पुस्तकांवर शिक्के मारत होता.

पोरीच्या आईने डिस्क आणून दिली, रुमालात गुंडाळून. ग्रंथपालाने ती कॉम्प्युटरला लावली. डिस्क कुरकुरली आणि थांबली. त्याने काढून परत लावली. त्याचा चेहरा मी बघत होतो, इंजिन मध्येच बंद पडल्यावर बोट चालवणाऱ्या तांडेलाचा होतो तसा. मग ती चालली. एवढी सगळी उधाणं, एवढे मासे, त्या पोरीच्या एवढ्या उलट्या, सगळं एका डबीत, कपाटात, साड्यांखाली. त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे दोन ठिकाणी नकला काढल्या. मग पोरीला फोनवर धरून बसवलं. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकेक इंग्लिश अक्षर होतं. हे काय, ते काय, विचारून तो लिहून घेत होता. एका अक्षराचा अर्थ तिला स्वतःलाच आठवेना. बराच वेळ डोकं धरून बसली, मग म्हणाली, "हां, वारा." तिचं हे काही वर्षांत असं झालं. ती म्हातारी झाल्यावर तर विचारूच नका.

आता उरला तिसरा बोटवाला. त्याने हो म्हटल्याशिवाय फाइल उघडणार नाही, असं मीच ग्रंथपालाला बजावून आलो होतो. चुलतभावाला घेऊन त्याच्या वलांडीपाशी, मासे सुकवायच्या बांबूंपाशी, गेलो. तो बोंबील वाळत घालत होता, दोन-दोन माशांचं तोंडात तोंड अडकवून. मला बघून त्याने पाठ केली आणि चुलतभावाशी बोलला.

"त्याला सांग, ऊन गेलं की ये. आता काम हाय."

मी चुलतभावाला म्हटलं, "त्याला सांग, गाळ पडला की कामच राहणार न्हाय."

चुलतभावाने दोघांकडे बघितलं. "तुम्ही दोघं एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावर उभे आहात. मला मध्ये कशाला घालताय?"

पण त्याला मध्ये घातल्याशिवाय आमचं चाललं नाही. मी सगळं सांगितलं, त्याने ऐकलं, बोंबील घालणं थांबवलं नाही.

"माझी जागा कागदावर जाणार न्हाय," तो म्हणाला. "आज साहेब बघेल, उद्या ट्रॉलरवाला. बापाने मला बोटीवर नेऊन दाखवली, मी फाइलीत घालू?"

हे सगळं माझंच बोलणं. त्याच्या तोंडून ऐकताना मला असा संताप आला की चुलतभावाने माझा दंड धरला. मी म्हटलं, "त्याला सांग, कुलूप आहे. आपण तिघांनी हो म्हटल्याशिवाय निघत नाही."

"चावी कोणाकडे?"

"लायब्ररीवाल्याकडे."

"तो उद्या रिटायर होईल. मग चावी कोणाच्या खिशात?"

 शेवटी तो हात धुऊन आला आणि चुलतभावाला म्हणाला, "चला, विचारू त्याला. पण याच्या शेजारी मी बसणार न्हाय." तो रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला बसून आला.

ग्रंथपालाने प्रश्न ऐकला आणि खोटं बोलला नाही. म्हणाला, आज तरी चावी माझ्याच खिशात आहे, कारण कॉलेजला असा नियमच नाही. नियम लिहून प्रिन्सिपलांची सही घेतली तर चावी माणसाची न राहता कॉलेजची होईल. मग मी असो नसो, तुमच्या तिघांच्या किंवा तुमच्या वारसांच्या परवानगीशिवाय उघडता येणार नाही. त्याने तिथेच लिहायला घेतलं. तिसरा बोटवाला एकेक ओळ परत वाचून घेत होता. "वारस" शब्द त्याने घालायला लावला.

प्रिन्सिपलनी कागद बघितला आणि म्हणाले, कल्पना उत्तम आहे, समितीपुढे ठेवू. समिती कधी? तर सुनावणीच्या नंतर.

"मग समितीला गाळच दाखवा," मी म्हटलं.

मी खाली येऊन वाचनालयाच्या मधल्या टेबलाशी बसलो. म्हटलं, सही होईपर्यंत उठत नाही. ग्रंथपाल म्हणाला, "काका, बसा, लायब्ररी बसायलाच आहे." चुलतभाऊ माझ्या डाव्या हाताला बसला. तिसरा बोटवाला आला, एक खुर्ची मध्ये रिकामी सोडून उजव्या हाताला बसला. आमच्या कपड्यांना बोंबलाचा वास येतो, तो आम्हाला येत नाही, दुसऱ्यांना येतो. एकेक टेबल रिकामं व्हायला लागलं. एका मुलीने येऊन विचारलं, "अंकल, तुम्ही गेस्ट लेक्चरला आलात का?" तिसरा बोटवाला म्हणाला, "हो. विषय शांतता." ती वही उघडून बसली. तिला खरं वाटलं.

प्रिन्सिपल उतरून आले तेव्हा आम्ही तिघे बसूनच होतो. ग्रंथपालच बोलला. इतकी वर्षं त्याने लिहून दिलेले अर्ज त्याने मोठ्याने, सगळ्यांसमोर आठवून सांगितले. शांतता राखा या त्याच्याच पाटीखाली उभं राहून. प्रिन्सिपलनी पेन काढलं. समितीची मान्यता येईपर्यंत तात्पुरती व्यवस्था, असं वर लिहिलं आणि सही केली. तात्पुरती तर तात्पुरती. खाली आमच्या तीन सह्या.

सुनावणीला ग्रंथपाल स्वतः आला. कॉलेजचं पत्र वाचलं: या तीन बोटी कोणकोणत्या दिवशी समुद्रात होत्या, किती काळ, काय मिळालं, आणि त्या जागा आखलेल्या चौकोनाच्या आत आहेत. नेमक्या जागा बंद आहेत, नाखव्यांच्या समोर अधिकाऱ्यांना दाखवता येतील. अहवालवाल्या कंपनीचा टाय लावलेला माणूस उभा राहिला. "ती फाइल आम्हाला मेल करा, आम्ही तपासून घेऊ."

"ना," तिसरा बोटवाला म्हणाला.

"ना," मी म्हटलं.

साहेब आम्हा तिघांना आणि ग्रंथपालाला घेऊन आतल्या खोलीत गेला. लॅपटॉपवर बघितलं, चौकोनावर ठेवून बघितलं, लॅपटॉप बंद झाला. बाहेर येऊन त्याने सांगितलं की मासेमारी नाही हे वाक्य धरता येणार नाही, पाहणी परत होईल, उधाणाच्या दिवसांत, नाखव्यांना बोटीवर घेऊन. चौकोन तोवर थांबेल. थांबेल म्हणाला, पुसला जाईल म्हणाला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. जे वाक्य लिहायलाच नको होतं, ते मागे घेतल्याबद्दल टाळ्या कसल्या?

समिती अजून बसलेली नाही. ग्रंथपाल दर महिन्याला आठवण करतो, मी दर महिन्याला त्याला फोन करून आठवण केली का विचारतो. तिसरा बोटवालाही करतो, असं ग्रंथपालाकडून कळलं. आम्ही दोघं अजून बोलत नाही.

परवा जेटीवर एक नवा विद्यार्थी आला, दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा, पाठीला सॅक, हातात प्रोफेसरांची चिठ्ठी. जवळ्यावर अभ्यास करायचाय, बोटीवर न्याल का. मी चिठ्ठी वाचली नाही. विचारलं, "तुझ्या लायब्ररीत जाऊन आलास?"

"लायब्ररी? नाही काका. पुस्तकातलं काही नकोय मला, फील्डवर्क आहे. लायब्ररीचा याच्याशी काय संबंध?"

"तेच त्यांना विचारून ये," मी म्हटलं. "कुठे ठेवणार, कोणाला दाखवणार, तू गेल्यावर कोण सांभाळणार, लिहून आण. त्यांच्या सहीने. मग बोटीत पाय ठेव."

तो माझ्या पलीकडे असलेल्या बोटीकडे वळला, तिथे तरी काम होईल म्हणून. ती तिसऱ्या बोटवाल्याची होती. मी जाळं शिवत राहिलो. थोड्या वेळाने पोरगा सॅक उचलून बस स्टॉपकडे जाताना दिसला.